चढावर सटकणारा क्लच आणि महागडं ऑइल : पन्हाळ्याजवळच्या एका एटीव्हीचं प्रकरण

पन्हाळ्याच्या पायथ्याला, मसाई पठाराकडच्या अंगाला एक छोटं कृषी पर्यटन केंद्र आहे. गुऱ्हाळ दाखवायचं, चुलीवरचं जेवण द्यायचं आणि जोडीला एटीव्हीची, म्हणजे कच्च्या वाटेवर चालणाऱ्या हँडलच्या चारचाकीची फेरी, असा त्यांचा व्यवसाय. एटीव्ही तीन. एक मोठी, चारशे सीसीच्या वर्गातली, जपानी बनावटीची, जुनी घेतलेली. दुसरी लहान मुलांसाठीची ११० सीसीची, आडव्या इंजिनाची. तिसरी दीडशे सीसीची, स्कूटरसारखी पट्ट्यावर चालणारी. बिघाड मोठीत झाला, पण ऑइलचं उत्तर तिन्ही गाड्यांसाठी मिळून शोधावं लागलं, म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहितो आहे.

दिवाळीच्या सुट्टीच्या तोंडावर मोठी गाडी चढ घेईनाशी झाली. सपाटीवर ठीक. सकाळी थंड इंजिनावरही ठीक. चार-पाच फेऱ्या झाल्या, इंजिन तापलं आणि मागे दुसरं माणूस बसलं की तिसऱ्या गिअरमध्ये रेस वाढायची, आवाज चढायचा, गाडी मात्र जागच्या जागी रेंगाळायची. उलट बाजूचीही तक्रार होती, आणि मला ती जास्त गंभीर वाटली: उताराला इंजिन गाडीला धरून ठेवत नाही, सगळा भार ब्रेकवर येतो. चाकांकडून इंजिनाकडे उलटा जाणारा जोरही त्याच क्लच प्लेटांतून जातो. त्या सटकत असतील तर चढही जातो आणि उताराचा आधारही जातो. लाल मातीच्या उतारावर, अननुभवी पाहुणा हँडलवर असताना, ही साधी गोष्ट नव्हे.

मालकांच्या ओळखीच्या मिस्त्रींनी निदान लगेच सांगितलं होतं. “प्लेटा गेल्यात, दुसरं काय असणार? पुरा संच बदलावा लागतोय.” संच मागवून घ्यायचा, वर मजुरी, म्हणजे पंधरा हजारांच्या पुढचं काम. सुट्टीचा हंगाम हातचा जाणार तो वेगळाच. मालकांना एकच कोडं पडलं होतं. “ऑइल तर मी लई भारीतलं घातलंय, साहेब. कारमध्ये घालत्यात ते, फुल सिंथेटिक. पाव्हण्यांनी आणून दिलं. तरीबी प्लेटा कशा जातील?”

त्यांच्या या वाक्यात कारण दडलं होतं. मी आधी रिकामा डबा मागवला.

डब्यावर होतं एसएई ५डब्ल्यू-३० (हा ऑइलच्या जाडीचा आकडा), एपीआय या अमेरिकी संस्थेचा अगदी वरचा दर्जा आणि एपीआयच्या गोल चिन्हाच्या खालच्या कडेला ‘रिसोर्स कॉन्झर्व्हिंग’ हे शब्द. कारसाठी हे उत्तम ऑइल आहे, त्यात शंका नाही. पण या एटीव्हीच्या मॅन्युअलात ऑइलच्या पानावर स्पष्ट लिहिलेलं होतं की इंधनबचतीचं असं चिन्ह असलेलं ऑइल वापरू नये, ग्रॅफाइट किंवा मॉलिब्डेनमची भर घातलेलं वापरू नये, आणि जासो एमए हा जपानी मानकाचा शिक्का पाहावा. जुनी गाडी घेताना सोबत मॅन्युअल आलेलं नव्हतं. मॉडेल क्रमांकावरून ते मिळवलं आणि पहिल्यांदा हेच पान वाचलं.

कारचं ऑइल या गाडीत का चालत नाही, हे समजायला इंजिनाच्या पोटात काय काय आहे ते पाहावं लागतं. कारमध्ये इंजिन ऑइल इंजिनापुरतं असतं. क्लच कोरडा, गिअरबॉक्सचं ऑइल वेगळं. या एटीव्हीत तसं नाही. क्रँकच्या टोकाला, वेग वाढला की वजनं बाहेर फेकली जाऊन पकडणारा सेंट्रिफ्यूगल क्लच, त्याच्या पुढे गिअर बदलताना सुटणारा प्लेटांचा क्लच आणि त्यापुढे पाच गिअरचा बॉक्स, हे सगळं एकाच ऑइलमध्ये बुडालेलं. म्हणजे एकाच ऑइलकडून आपण तीन वेगळी कामं मागतो. बेअरिंग आणि पिस्टनला म्हणायचं, घसरू दे. क्लचच्या प्लेटांना म्हणायचं, घट्ट धर. आणि गिअरच्या दात्यांमध्ये चिरडलं जाऊनही म्हणायचं, पातळ होऊ नकोस.

कारच्या ऑइलची वाट नव्वदच्या दशकात बदलली. इंधन वाचावं म्हणून त्यात घर्षण कमी करणारी रसायनं वाढली, आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर टिकावेत म्हणून फॉस्फरस कमी होत गेला. कारला दोन्ही फायद्याचं. ओल्या, म्हणजे ऑइलमध्ये बुडालेल्या क्लचच्या गाड्यांना दोन्ही अडचणीचं, कारण घर्षण कमी करणारं रसायन पिस्टन आणि क्लच प्लेट असा भेद करत नाही, आणि गिअरच्या दात्यांना झीजरोधक फॉस्फरस हवा असतो. म्हणून जपानी वाहन उद्योगाने १९९८ मध्ये चार-स्ट्रोक मोटरसायकलच्या ऑइलसाठी जासो टी९०३ हे वेगळं मानक काढलं. त्यात ऑइल प्रत्यक्ष क्लच प्लेटांवर तपासतात: फिरताना घर्षण किती, पकडल्यावर किती, आणि थांबायला वेळ किती. पकड चांगली असेल तर एमए, कमी घर्षणाचं असेल तर एमबी. २००६ मध्ये एमएचे एमए१ आणि एमए२ असे दोन भाग झाले. एमए२ची पकड सर्वांत जास्त. फॉस्फरसलाही यात खालची आणि वरची, अशा दोन्ही मर्यादा आहेत.

या मानकात ऑइल चांगलं की वाईट, स्वस्त की महाग, असा प्रश्नच नाही. एमबी हे काही एमएचं हलकं रूप नव्हे. ते कोरड्या क्लचच्या स्कूटरसाठी मुद्दाम केलेलं आहे. दुकानात मात्र “यातलं भारी कुठलं?” असंच विचारलं जातं, आणि दुकानदारही किमतीवरून उत्तर देतो. पाव्हण्यांनी प्रेमाने भारीतलं आणलं, ते याच सवयीने.

ऑइलवर संशय होता, तरी प्लेटा झिजल्या नसतील असं मी गृहीत धरलं नाही. जुनी गाडी, डोंगराळ काम, दोन्ही कारणं एकत्र असू शकतात. म्हणून आधी बाहेरून जमेल ते पाहिलं. क्लच समायोजनाचा स्क्रू मॅन्युअलप्रमाणे लावून बघितला. फरक नाही. ऑइल गरम असताना काढलं. ते काळपट होतं, किंचित करपल्याचा वास होता, पण पाणी शिरल्यासारखं दुधाळ नव्हतं आणि पेट्रोलचा वास नव्हता. ड्रेन बोल्टवर बारीक करडा गाळ होता, धातूचे तुकडे नव्हते. याचा अर्थ प्लेटा गरम होत होत्या, पण काही तुटलेलं नव्हतं.

मग फिल्टर बदलून १०डब्ल्यू-४०, जासो एमए२ ऑइल भरलं. गाडी सपाटीवर, एकट्या माणसाने, गिअर पुन्हा पुन्हा बदलत चालवली. उद्देश इतकाच की प्लेटांच्या अस्तरात मुरलेलं जुनं ऑइल नव्याने धुऊन निघावं. ते ऑइल पुन्हा काढून नवीन भरलं. पहिल्याच खेपेला तिसऱ्या गिअरमधलं सटकणं बरंच कमी झालं. दुसऱ्या खेपेनंतर एकटा माणूस तापलेल्या इंजिनावरही चढ घेऊ लागला. पण दोघं बसल्यावर सर्वांत उभ्या चढाला थोडं रेंगाळणं राहिलंच.

इथे बऱ्याच जणांनी “चालतंय की” म्हणून गाडी फेऱ्यांना लावली असती. आम्ही क्लचचं कव्हर उघडलं. जी प्लेट थोडी सटकते ती तापते, तापते तशी अस्तर चकचकीत होतं, आणि मग चांगल्या ऑइलनेही ती धरत नाही. कव्हरचं गॅस्केट मिळत होतं, आणि झीज मोजायचं व्हर्निअर तर कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या कारखान्यांत जवळपास प्रत्येकाच्या खिशात. अस्तराच्या सगळ्या प्लेटा मापात भरल्या, मॅन्युअलातल्या झिजेच्या मर्यादेच्या आत. स्प्रिंगांची लांबीही बसली. लोखंडी प्लेटांवर निळे डाग नव्हते, वाकही नव्हता. प्लेटा स्वच्छ धुतल्या, वाळवल्या, नव्या ऑइलमध्ये रात्रभर बुडवून ठेवल्या आणि परत बसवल्या. दुसऱ्या दिवशी दोघं बसून तोच चढ, तापलेलं इंजिन. गाडी वर गेली. उताराला इंजिनाने धरलंही.

निदान करणाऱ्या मिस्त्रींबद्दल एक सांगायला हवं. लक्षणांवरून त्यांचा अंदाज चुकीचा म्हणता येत नाही. झिजलेल्या प्लेटा अशाच वागतात. फक्त नवा संच त्याच ऑइलमध्ये बुडवला असता, तर पंधरा हजार खर्चून काही आठवड्यांत तक्रार जशीच्या तशी परत आली असती, आणि मग दोष स्पेअर पार्टच्या माथी गेला असता.

शिक्का ठरला, पण जाडी ठरायची होती. मालकांचा पुढचा प्रश्न हाच: “मग जरा घट्टच घालूया की, २०डब्ल्यू-५०? उन्हाळ्यात इंजिन तापतंय.”

घट्ट ऑइल म्हणजे जास्त संरक्षण, ही समजूत आपल्याकडे खोल रुजली आहे, आणि तिला आधारही आहे. हवेवर थंड होणारी इंजिनं, एप्रिलचं ऊन, सावकाश चढण. आकडे काय सांगतात ते पाहू. डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीतल्या वागण्याचा: १०डब्ल्यूची चाचणी उणे २५ अंशांवर होते, ५डब्ल्यूची उणे ३० वर. आपल्याकडे ऐन हिवाळ्यातल्या पहाटेही पारा शून्याच्या जवळपास जात नाही. म्हणजे ५डब्ल्यूसाठी मोजलेल्या जादा पैशांचा कोल्हापुरात थंडीपुरता तरी काही उपयोग नाही. दुसरा आकडा तापलेल्या इंजिनाचा. १०० अंश सेल्सिअसला ३० ग्रेडची जाडी ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक, ४० ची १२.५ ते १६.३, ५० ची १६.३ ते २१.९. बेअरिंगसारख्या जागी, १५० अंशांवर, जोरात घासलं जाताना ऑइल किती टिकतं त्याचीही चाचणी असते: ३० ग्रेडला किमान २.९ मिलिपास्कल-सेकंद, १०डब्ल्यू-४० ला किमान ३.५.

मॅन्युअलात नेहमीसाठी १०डब्ल्यू-३० दिलेलं होतं, आणि उष्ण हवेसाठी जाड ग्रेडचा तक्ता होता. मी १०डब्ल्यू-४० निवडलं त्याचं मुख्य कारण गिअरबॉक्स. मल्टिग्रेड, म्हणजे असं दोन आकड्यांचं ऑइल गरम झाल्यावर जाड राहावं म्हणून त्यात लांब साखळ्यांची पॉलिमर घातलेली असतात, आणि गिअरचे दाते त्या साखळ्या तोडत राहतात. वापरता वापरता ४० ग्रेड ३० च्या घरात येतं. सुरुवातच ३० ने केली तर बदलण्याच्या वेळेपर्यंत ते आणखी खाली गेलेलं असतं. सावकाश वेग, दोन माणसं, चढ आणि समोरून वारा नाही अशा कामात ही एका ग्रेडची पुंजी हवी.

मग ५० का नको? इथल्या फेऱ्या दहा-दहा मिनिटांच्या. ऑइल नीट तापायच्या आत गाडी थांबते. थंड असताना जाड ऑइल प्लेटांना एकमेकींपासून सुटू देत नाही, गिअर टाकताना दणका बसतो, गाडी स्वतःहून पुढे सरकू पाहते. हँडलवर पाहुणा असताना, आणि लहान गाडीवर तर दहा-बारा वर्षांचं पोर असताना, हे सरकणं मला अजिबात नको होतं. दिवसभर सलग चालणाऱ्या गाडीला, मे महिन्यात, मॅन्युअलच्या तक्त्यात बसत असेल तर ५० ला माझा विरोध नाही. बुलेटला कंपनीच १५डब्ल्यू-५० देते, ते तिच्या इंजिनासाठी बरोबरच आहे. प्रश्न या तीन गाड्यांच्या कामाचा होता.

आता तिन्ही गाड्यांचा एकत्र विचार. मालकांना एकच ऑइल हवं होतं, आणि ते योग्यच. पोरं कामाला बदलतात, कुठल्या गाडीला कुठला डबा हे लक्षात राहत नाही. ११० सीसीच्या गाडीतही क्लच ऑइलमध्येच बुडालेला, म्हणजे तिलाही एमए किंवा एमए२ हवं. दीडशे सीसीच्या गाडीत पट्टा आणि क्लच कोरड्या डब्यात, इंजिन ऑइल त्यांना शिवत नाही. तिला एमबी चालतं. पण एमए२ घातल्याने तिचं काही बिघडत नाही. फार तर इंधनात थोडा फरक. एमए२ तिन्हींत चालतं, एमबी एकीतच चालतं. म्हणून गोदामात १०डब्ल्यू-४० एमए२ एवढंच ठेवायचं ठरलं. दीडशे सीसीच्या गाडीच्या मागच्या छोट्या गिअरबॉक्सला मात्र वेगळं गिअर ऑइल लागतं, शंभर-सव्वाशे मिली. ते विसरलंच जातं. उघडलं तेव्हा तिथे तळाला चिकट काळं काहीतरी उरलं होतं. मोठ्या गाडीच्या डिफरन्शिअलचंही ऑइल वेगळं, हायपॉइड गिअरसाठीचं.

ट्रॅक्टरच्या ऑइलची बादली घरात होतीच, १५डब्ल्यू-४०, डिझेलचं. “हे घालून क्लच सटकत नाही,” असं सांगणारे मिस्त्री भेटतात आणि ते खोटं बोलत नाहीत. अवजड डिझेल इंजिनांच्या ऑइलमध्ये घर्षण कमी करणारी रसायनं सहसा फारशी नसतात. पण ते ऑइल क्लचवर तपासलेलं असतंच असं नाही. शिवाय अनेक डिझेल ऑइलमध्ये राख सोडणाऱ्या घटकांचं प्रमाण जासोच्या १.२ टक्क्यांच्या मर्यादेपेक्षा जास्त असतं, आणि हवेवर थंड होणाऱ्या लहान पेट्रोल इंजिनात ती राख प्लग आणि वॉल्व्हवर बसते. ज्या डिझेल ऑइलवर जासो एमए स्वच्छ लिहिलेलं आहे ते वापरायला माझी हरकत नाही. या बादलीवर तसं काही नव्हतं. ती ट्रॅक्टरसाठी ठेवली.

ऑइल कधी बदलायचं, यावर आमची सर्वांत जास्त चर्चा झाली. किलोमीटरचा हिशेब इथे कामाचा नाही. गाडी दिवसभर सुरू राहून फार थोडं अंतर कापते. रेस मारत उभी असते, छोट्या फेऱ्या करते, बंद होते, पुन्हा सुरू होते. अशा वापरात न जळलेलं पेट्रोल आणि हवेतला ओलावा ऑइलमध्ये उतरतो आणि बाहेर पडायला इंजिन पुरेसं तापत नाही. एटीव्हीच्या मॅन्युअलात म्हणूनच किलोमीटरसोबत तास दिलेले असतात, आणि धूळ, चिखल, पाणी अशा कामासाठी ते आणखी कमी करायला सांगितलेलं असतं. केंद्रावर प्रत्येक फेरीची पावती फाडली जातेच. त्या पावत्यांवरून तास काढायचे आणि वहीत लिहायचे, असं ठरलं. वेगळं मीटर बसवायची गरज पडली नाही.

११० सीसीच्या गाडीला कागदी फिल्टरच नाही. नुसती जाळी आहे, आणि पोटात ऑइल लिटरभरही नाही. एवढंसं ऑइल, फिल्टर नाही आणि जांभ्याची बारीक लाल धूळ. तिचं ऑइल मोठीच्या निम्म्या तासांत बदलायचं, अशी माझी ठाम सूचना आहे. तिथे सिंथेटिकवर पैसे घालण्यापेक्षा साधं मिनरल एमए२ ऑइल वारंवार बदललेलं बरं. धुळीचा खरा दरवाजा एअर फिल्टर. फोमचा फिल्टर कोरडा, फाटका किंवा कडेने उघडा असेल, तर जगातलं कुठलंही ऑइल रिंगा वाचवू शकत नाही. दीडशे सीसीच्या गाडीचा फिल्टर बॉक्समध्ये एका कडेने बसतच नव्हता. आतल्या भिंतीवर लाल पूड चिकटलेली होती.

पावसाळ्यासाठी एक नियम पोरांना पाठ करून दिला. ओढ्यातून किंवा डबक्यातून गाडी नेली, की परत आल्यावर डिपस्टिक बघायची. ऑइल दुधाळ दिसलं, तर इंजिन पुन्हा सुरू करायचं नाही, थेट ऑइल काढायचं. डिपस्टिक बघण्याची रीतही गाडीगणिक वेगळी. या मोठीला पुसून नुसती टेकवायची, आटे फिरवायचे नाहीत. फिरवून बघितली की पातळी खरी आहे त्यापेक्षा जास्त दिसते, आणि ऑइल कमी राहतं. पोरं फिरवतच होती.

खरेदी करताना डब्यावर काय बघायचं, ते मालकांनी स्वतः भिंतीवर लिहून लावलं आहे: जासोची चौकट, त्यात एमए२ आणि सांकेतिक क्रमांक, आणि झाकणाचं सील शाबूत. काढलेलं जुनं ऑइल ड्रममध्ये साठवून अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्यांकडे द्यायचं आहे. आधी ते कुंपणाच्या लाकडांना फासलं जायचं आणि उरलेलं ओढ्याच्या काठाला जायचं. त्याच ओढ्याचं पाणी खालची शिवारं वापरतात.

मालक आता चौथी गाडी घ्यायच्या विचारात आहेत, पट्ट्यावर चालणारी मोठी, चार चाकांना जोर देणारी. त्यांनी विचारलं, “तिलाबी हेच एमए२ चालंल न्हवं?” मी होकार दिलेला नाही. पोलारिससारखी कंपनी तिच्या अनेक एटीव्हींसाठी ५डब्ल्यू-५० सिंथेटिक सांगते. तिथे इंजिन ऑइल क्लचला लागत नाही, गिअरकेसची ऑइलं वेगळी असतात, आणि पातळी बघायची रीतही वेगळी असू शकते. गाडी कुठली येते ते ठरू दे. तिचं मॅन्युअल गाडीच्या आधी हातात पाहिजे, आणि ऑइल वेगळं निघालं तर तिचा डबा वेगळ्या फळीवर, गाडीचं नाव रंगवून ठेवायचा, एवढं त्यांनी कबूल केलं आहे.